काळी गोळी, तांबडी गोळी

वादाला रंग चढला तो बामच्या एका जुन्या डबीमुळे.

मार्च संपत आला होता आणि कळमनुरीजवळच्या त्या घरी हळद शिजवण्याची धांदल आटोक्यात आली होती. आवारात ट्रॅक्टरने ओढून आणलेला कुकर उभा होता, त्याच्या लोखंडी पिंपांच्या झाकणांतून वाफ फुसफुसत होती, आणि पलीकडे शिजलेली हळकुंडं उन्हात पसरली होती. पुण्याहून चार दिवसांसाठी आलेल्या भाचीला मामांनी विचारलं, पीएच.डी., पीएच.डी. म्हणतेस, पण नेमकं बघतेस काय? तिने जमेल तितकं थोडक्यात सांगितलं: कोळशापासून काढलेल्या वायूचं पेट्रोल-डिझेल करताना लोखंडाचा उत्प्रेरक वापरतात, तो काम करता करता कसा बदलत जातो, ते.

मामांची नजर वाफेच्या कॉकवर होती. "बदलतो म्हणजे बिघडतो," ते म्हणाले. "आमच्याकडं कॅटॅलिस्ट बदलला की बाद. त्यात बघायचं काय?"

मामांची तीस वर्षं एका खत कारखान्यात गेली, अमोनिया प्लांटच्या पॅनेलसमोर. कारखान्याचं नाव इथे घ्यायला नको, कारण पुढे त्याची एक फजिती येणार आहे. निवृत्त होऊन गावी आले, हळद-सोयाबीनमध्ये रमले, पण 'आमच्याकडं' काही तोंडातून गेलं नाही. भाचीची बाजू वेगळी. तिने कारखाना आतून एकदाच पाहिलाय, तोही सहलीत. तिचं लोखंड चिमूटभर असतं, काचेच्या नळीत असतं आणि त्याच्यावर क्ष-किरण सोडलेले असतात.

"दहावीच्या पुस्तकातच आहे," मामांनी मुद्दा पक्का केला. "अभिक्रियेचा वेग वाढवतो आणि स्वतः बदलत नाही, तो उत्प्रेरक. पोटॅशियम क्लोरेट तापवा, मॅंगनीज डायऑक्साइड टाका, ऑक्सिजन भसाभसा निघतो, शेवटी मॅंगनीज डायऑक्साइड होता तेवढाच. तुझं लोखंड बदलत असेल तर ते कॅटॅलिस्टच नव्हे, कच्चा माल आहे."

व्याख्येशी भांडण्यात अर्थ नसतो. भाचीने भांडण केलं नाही. तिने एवढंच विचारलं, "मामा, तुमच्याकडच्या त्या गोळ्या अजून आहेत का?"

मामींनी शोकेसमधून बामची डबी काढून आणली. आत कापसात दोन गोळ्या होत्या, हाजमोलापेक्षा थोड्या मोठ्या, कडा तुटलेल्या. एक तांबडी, विटेच्या रंगाची. दुसरी काळी. कारखान्यात भरणी बदलताना मामांनी आठवण म्हणून ठेवलेल्या. एक न वापरलेली, एक काढून टाकलेली, दोन्ही शिफ्ट कन्व्हर्टरमधल्या. शिफ्ट म्हणजे इथे पाळी नव्हे. नैसर्गिक वायूपासून अमोनिया करताना मधल्या टप्प्यावर कार्बन मोनॉक्साइड आणि वाफ यांची गाठ घालतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि आणखी हायड्रोजन मिळतो. ही अदलाबदल सुमारे साडेतीनशे-चारशे अंशांना या गोळ्यांवर होते. गोळीत मुख्यतः लोखंडाचा ऑक्साइड, जोडीला थोडं क्रोमियम.

जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक भाचीने काळ्या गोळीजवळ नेलं. गोळी टुणकन उडून चिकटली. तांबडीजवळ नेलं, ती ढिम्म.

"तांबडी हेमॅटाइट आहे," ती म्हणाली, "काळी मॅग्नेटाइट. तुम्ही भरलीत ती तांबडी आणि काम केलं काळीने. पहिल्या दिवशी गरम वायू लागला आणि तांबडीची काळी झाली. मग तुम्ही पोत्यातून जे भरलंत, तो उत्प्रेरक होता कुठे? तो तर आत गेल्यावर तयार झाला."

मामांनी काळी गोळी सोडवून घेतली. "एक दिवस," बोट वर करून ते म्हणाले. "एक दिवस बदलली. नंतर पाच-सहा वर्षं हूं की चूं नाही. आणि अमोनियाच्या कन्व्हर्टरमधला तर त्याहून शहाणा."

इथे मामांची बाजू भक्कम आहे आणि ती नीट मांडायला हवी. अमोनियाचा लोखंडी उत्प्रेरक जर्मनीत बीएएसएफ कंपनीच्या आल्विन मिटाशने 1909 नंतरच्या काही वर्षांत हजारो मिश्रणं चाचपून बसवला. मॅग्नेटाइट वितळवायचं, त्यात थोडं ॲल्युमिना, पोटॅश आणि चुना घालायचा, थंड करून फोडायचं. कन्व्हर्टरमध्ये भरल्यावर हायड्रोजनने त्यातला ऑक्सिजन काढून घ्यायचा. मॅग्नेटाइटच्या वजनात ऑक्सिजन जवळपास 28 टक्के असतो. तेवढं वजन पाणी होऊन निघून जातं, पण खडा आकसत नाही. आकार तोच राहतो, आत सगळी भोकं पडतात आणि त्या भोकांच्या भिंतीवर अमोनिया तयार होतो. हे ऑक्सिजन काढण्याचं काम कित्येक दिवस चालतं. घाई केली, पाण्याची वाफ आत साचली, तर तयार होणारं लोखंडच खराब होतं. मामा सांगतात, त्या दिवसांत पॅनेलवरचा माणूस जेवणाचा डबाही तिथेच उघडायचा. पण एकदा जमलं की तो उत्प्रेरक दहा वर्षं, कधी त्याहून जास्त, तसाच चालतो. मुंबईत ट्रॉम्बेला आजच्या राष्ट्रीय केमिकल्सचा खत कारखाना 1965 मध्ये सुरू झाला, थळचा 1985 मध्ये. कळमनुरीच्या शेडात ठेवलेल्या 45 किलोच्या युरियाच्या पिशवीत जवळपास 21 किलो नायट्रोजन असतो. पिशवी कुठल्याही कारखान्याची असो, तो बहुधा असा लोखंडावरूनच आलेला.

"म्हणून म्हणतो," मामा म्हणाले, "लोखंड शहाणं असतं. त्याला धड वागवलं की ते जागचं हलत नाही."

"हलत नाही, कारण त्याला संगत चांगली आहे. नायट्रोजन आणि हायड्रोजन. कार्बन मोनॉक्साइड चुकून आला तर?"

"पीपीएममध्ये मोजतो आम्ही. दहाच्या वर गेला की बोंब."

"आमच्याकडं तोच मुख्य पाहुणा आहे," भाची हसली. मामांचं 'आमच्याकडं' तिने त्यांनाच परत केलं होतं.

तिचा विषय फिशर–ट्रॉप्श या नावाने ओळखला जातो. फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श हे जर्मनीतल्या म्युलहाइमच्या कोळसा संशोधन संस्थेतले. कोळसा वाफेबरोबर जाळून मिळणारा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांच्यापासून साध्या दाबालाही तेल होऊ शकतं, हे त्यांनी 1925–26 च्या सुमारास दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे या पद्धतीचे नऊ कारखाने चालले, पण कोबाल्टवर. लोखंडाला मान मिळाला तो दक्षिण आफ्रिकेत. सासोलबर्गचा कारखाना 1955 मध्ये सुरू झाला, सेकुंडाचा 1980 मध्ये. आपल्याकडेही हा विषय नवा नाही. ज्ञानचंद्र घोष 1939 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले, आणि त्यांच्या काळात तिथे या अभिक्रियेच्या उत्प्रेरकांवर काम झालं होतं. नंतर जमिनीतून निघणारं तेल स्वस्त झालं आणि सगळं मागे पडलं.

पद्धत ऐकायला सोपी आहे. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू लोखंडावर बसतो, त्यातला ऑक्सिजन सुटतो, उरलेल्या कार्बनला हायड्रोजन चिकटतो, मग असे तुकडे एकमेकांना जोडत साखळी वाढते. साखळी आखूड राहिली तर वायू, मध्यम झाली तर पेट्रोल-डिझेल, फार वाढली तर मेण. सुटलेला ऑक्सिजन पाणी होऊन किंवा कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. आणि उष्णता इतकी सुटते की सासोलबर्गच्या सुरुवातीच्या रिॲक्टरमध्ये दोन हजारांवर बारीक नळ्या घालून त्यांच्याभोवती पाणी उकळत ठेवावं लागलं.

पण सुटलेला प्रत्येक कार्बन साखळीत जातोच असं नाही. काही कार्बन खालीच घुसतो, लोखंडात.

"लोहाराकडं बघितलंय ना तुम्ही," भाची म्हणाली. "विळा भट्टीत कोळशात खुपसून ठेवतात."

"लोखंड कोळसा पितं," मामा लगेच म्हणाले. बाजारातला लोहार असंच म्हणतो. नऊशे अंशांच्या आसपास कार्बन पात्याच्या कातडीत शिरतो, मग पाणी दिलं की धार टिकते.

फिशर–ट्रॉप्शच्या लोखंडाला एवढी भट्टी लागत नाही. अडीचशे अंश पुरतात, कारण कण इतके बारीक असतात की कार्बनला फार लांब जायचंच नसतं. तांबडा ऑक्साइड आधी काळा मॅग्नेटाइट होतो, हे झटपट. पुढे वायू कोणता आणि तापमान किती यावर ठरतं. हायड्रोजनने सुरुवात केली तर मध्ये थोडा वेळ धातूचं लोखंड दिसतं, आणि मिश्र वायू येताच ते कार्बन ओढायला लागतं. नुसत्या कार्बन मोनॉक्साइडने सुरुवात केली तर मॅग्नेटाइटमधून थेट कार्बाइड. ही कार्बाइडंही एकच नाहीत. कमी तापमानाला एप्सिलॉन नावाचं, अडीचशे-तीनशेच्या पट्ट्यात हॅग कार्बाइड, म्हणजे पाच लोखंडाला दोन कार्बन, आणि तापमान आणखी चढलं की सिमेंटाइट, तीनाला एक. हे शेवटचं पोलादातही असतं. कोबाल्ट असं करत नाही, रुथेनियमही नाही. ते धातूचे धातूच राहतात, कारण त्यांच्यात कार्बन आत शिरायला फार वेळ घेतो. लोखंडात तो भराभर शिरतो, साखळी वाढण्याच्या आधीच.

मामांना ही पायरीपायरीची गोष्ट परकी नव्हती. थळहून फार लांब नाही, रायगड जिल्ह्यातच डोलवीला, 1994 पासून मिड्रेक्स पद्धतीने स्पंज आयर्न बनतंय. तिथे लोहखनिजाच्या गोळ्यांवरून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचा वायू सोडतात. तांबडी गोळी काळी होते, काळीची राखाडी होते आणि शेवटी त्यात थोडा कार्बन मुरतो, बराचसा सिमेंटाइट म्हणून. "तिथं आमच्या बॅचचा एक जण होता," ते म्हणाले. "पण तिथं लोखंड हा माल आहे. वायू खर्च झाला तरी चालतो. तुझ्याकडं उलटं."

हे त्यांचं म्हणणं भाचीने वहीत उतरवून घेतलं. डोलवीत आणि सेकुंडात वायू जवळपास तोच, धातूही तोच. तापमान वेगळं, आणि पैसे कशाचे मिळतात तेही वेगळं.

मग मामांनी नेमकी नस दाबली. "एवढे चार-पाच प्रकार आत असतात म्हणतेस. त्यातला काम करणारा कोण?"

यावर चाळीस-पन्नास वर्षं मतभेद चालत आले आहेत. 1980 च्या आसपास तर उघड तट पडले होते. एकाचं म्हणणं, कार्बाइडचा पृष्ठभाग हाच कामगार. दुसऱ्याचं, पृष्ठभागावर आलेल्या कार्बनला दोन-तीन वाटा असतात, आत शिरून कार्बाइड होणं, साखळीत जाणं किंवा नुसती काजळी होऊन बसणं. सुरुवातीला आतली वाट मोकळी असते म्हणून तेल कमी निघतं. आतलं पोट भरलं की कार्बन वर राहतो आणि तेल वाढतं. म्हणजे कार्बाइड हे कामाचं कारण नसून काम सुरू व्हायच्या आधीची पोटपूजा. आज बहुतेकांचा कल कार्बाइडकडे, विशेषतः हॅग कार्बाइडकडे आहे, पण पहिल्या काही तासांत तेल हळूहळू का वाढतं, याचं उत्तर दुसऱ्या तटाने चांगलं दिलं होतं. कार्ल्सरूहचे हान्स शुल्झ या सगळ्याला उत्प्रेरकाचं स्वतःच स्वतःला घडवणं म्हणत.

भांडण इतकं लांबलं, कारण बघायची सोय नव्हती. रिॲक्टर थंड करून, उघडून, उत्प्रेरक हवेत काढला की तो पेटतो किंवा गंजतो. आत होतं ते बाहेर राहत नाही. मामांना हे सांगायची गरज पडली नाही. वापरलेलं अमोनियाचं लोखंड काढताना नायट्रोजनखाली काढावं लागतं, नाहीतर ढीग लाल होतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणून आडवाटेने बघायच्या युक्त्या आल्या. मोसबाउअर पद्धतीत नैसर्गिक लोखंडातल्या सुमारे दोन टक्के अणूंवर, म्हणजे वस्तुमान 57 असलेल्यांवर, गॅमा किरणं टाकतात आणि अणू कोणत्या घरात बसलाय ते वाचतात; ऑक्साइड, धातू, प्रत्येक कार्बाइड, सगळ्यांची सही वेगळी. 2008 मध्ये युट्रेक्टच्या एमिल द स्मिट, बर्ट वेकहायसेन आणि सहकाऱ्यांनी त्याच्याही पुढे जाऊन, क्ष-किरणांच्या सूक्ष्मदर्शकाखाली एक चिमुकली भट्टी ठेवून, गरम वायूत काम करणारा कण चालू स्थितीत पाहिला. एकाच कणात शेजारीशेजारी लोखंडाच्या वेगवेगळ्या अवस्था दिसल्या. गल्ली एक आणि घरं तऱ्हतऱ्हेची, तसं.

कुकरचं एक पिंप शिजून झालं होतं. मामा उठले, कॉक बंद केला, गडी माणसांना हाक मारली, पिंप आडवं झालं आणि वाफाळती हळकुंडं खाली ओतली गेली. मग परत येऊन बसताना त्यांचा आवाज थोडा उतरला होता.

"एक सांगतो. आमच्याकडं एकदा झालं होतं काहीतरी."

वरून आदेश होता, वाफ वाचवा. वाफ म्हणजे इंधन, इंधन म्हणजे पैसा. शिफ्टमध्ये जाणारी वाफ थोडी थोडी कमी करत नेली. महिना-दोन महिने सगळं छान. मग लॅबमधून फोन आला, शिफ्टच्या पुढच्या वायूत मिथेन वाढलंय. सगळ्यांनी आधीच्या टप्प्यावर मिथेन फोडणाऱ्या रिफॉर्मरला धरलं. मिथेन न फुटता पुढे सरकलं असेल. रिफॉर्मरचं तापमान चढवलं. फरक नाही. उलट शिफ्टच्या दोन टोकांतला दाबाचा फरक वाढायला लागला, म्हणजे आत गोळ्यांचा चुरा होत होता. रात्रपाळीच्या एका केमिस्टने नमुना परत चालवला, तर मिथेनच्या मागे इथेन, प्रोपेनही निघाले. "आणि इथंच सगळे गप्प झाले. रिफॉर्मरमधून मिथेन निसटू शकतं. प्रोपेन कसं निसटेल? ते तर आधी फुटतं."

भाची पुढे सरकून बसली. "मग?"

"मग काय, वाफ वाढवली, कसंबसं रेटलं, शटडाउनला भरणी बदलली. रिपोर्टमध्ये लिहिलं, कॅटॅलिस्ट खराब. ही काळी त्याच भरणीतली."

"मामा, कॅटॅलिस्ट खराब झाला नव्हता. त्याने धंदा बदलला होता." भाचीच्या आवाजात थोडा आनंद होता आणि तो तिने लपवला नाही. "वाफ होती तोवर ती मॅग्नेटाइटला मॅग्नेटाइट म्हणून धरून ठेवत होती. वाफ कमी झाली, कार्बन मोनॉक्साइडचा जोर वाढला, मॅग्नेटाइटचं कार्बाइड झालं. तुमच्या शिफ्टमध्ये फिशर–ट्रॉप्श चालू होतं. आम्ही ज्याच्यासाठी महिनोनमहिने खपतो, ते तुमच्याकडं फुकटात होत होतं आणि तुम्ही बंद पाडलंत."

हे नुसतं भाचीचं कौतुक नव्हे. 1980 च्या दशकात कमी इंधनात चालणारे अमोनिया प्लांट आले तेव्हा वाफ कमी झाल्यावर लोखंड-क्रोमियमचा उत्प्रेरक असा वाट सोडतो, हे उद्योगाला ठिकठिकाणी अनुभवावं लागलं. उपाय म्हणून शिफ्टच्या गोळ्यांत तांबं घालायला सुरुवात झाली. गंमत अशी, की फिशर–ट्रॉप्शच्या लोखंडातही तांबं घालतात, तिथे ते कमी तापमानाला ऑक्सिजन काढून कार्बाइडकडे नेण्यासाठी. जर्मन रूरखेमीच्या नामांकित कृतीत 100 भाग लोखंडाला साधारण 5 भाग तांबं, चारेक भाग पोटॅशियम आणि 25 भाग सिलिका असे. पोटॅशियमने साखळ्या लांबतात, पण जास्त झालं की काजळीही वाढते. सिलिका कणांना एकमेकांत वितळू देत नाही.

मामांनी गोळी तळहातावर फिरवली. मान्य केलं, पण अर्धंच.

"ठीक. धंदा बदलला. पण बदलला कधी, आम्ही वाफ चुकवली तेव्हा. म्हणजे बदल हा हाताबाहेर गेल्याचाच पुरावा. तुझ्या रिॲक्टरमध्ये काय वेगळं आहे? साखळी बनताना पाणी निघतं म्हणालीस. ते पाणी कार्बाइडला परत मॅग्नेटाइट करणार. कार्बन घुसला की कण फुगणार, फुटणार. गंधक आला की मेलाच. म्हणजे आत कायम ओढाताण. असा कामगार कोण ठेवतं?"

इथे भाचीपाशी ठोस उत्तर नव्हतं आणि तिने तसं भासवलंही नाही. सेकुंडाच्या सुमारे साडेतीनशे अंशांच्या रिॲक्टरांत लोखंड काही आठवड्यांत दमतं. कणांवर कार्बन साचतो, ते फुटतात, गर मॅग्नेटाइटचा आणि कड कार्बाइडची असे कण निघतात. चालू रिॲक्टरमधून जुनं काढत राहायचं, नवीन टाकत राहायचं. हे परवडतं, कारण तिथला उत्प्रेरक पोलादाच्या लाटण गिरण्यांतून पडणाऱ्या पपडीसारख्या मालापासून, म्हणजे मिल स्केलपासून वितळवून करतात. मराठवाड्यात कुणाला विचारलं तर तो जालन्याच्या रोलिंग मिलकडे बोट दाखवेल. तिथे ही पपडी ढिगाने निघते. कोबाल्ट असा उधळता येत नाही.

दुसरं कारण कोळशाचं. कोळशाच्या वायूत हायड्रोजन कमी असतो, आणि कोबाल्टला तर तो कार्बन मोनॉक्साइडच्या दुप्पट लागतो. लोखंडात मात्र मॅग्नेटाइटचा वाटा मामांच्या शिफ्टचंच काम करतो. निघालेल्या पाण्यापासून आत्ताच्या आत्ता हायड्रोजन बनवतो. कार्बाइड साखळी विणतं, मॅग्नेटाइट सूत पुरवतं. चीनमध्ये निंगडोंगला 2016 च्या अखेरीस सुरू झालेला वर्षाला 40 लाख टनांचा कारखाना याच लोखंडावर चालतो.

"आणि कार्बन डायऑक्साइड?" मामांनी विचारलं. "शिफ्ट केलं की तो निघणारच."

निघतोच. सेकुंडाची गणना एकाच ठिकाणाहून सर्वांत जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या जगातल्या जागांमध्ये होते. भारत सरकारने 2030 पर्यंत 10 कोटी टन कोळशाचं वायूकरण करायचं ठरवलंय, जानेवारी 2024 मध्ये 8,500 कोटी रुपयांची योजना मंजूर झाली, आणि निवडलेल्या प्रकल्पांत आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीचंही नाव आहे. पण तिथे बेत आहे तो अमोनियम नायट्रेट, हायड्रोजन आणि स्पंज आयर्नचा, पेट्रोलचा नाही. राखेने भरलेल्या आपल्या कोळशावर आणि एवढ्या धुरावर पेट्रोल करण्यात शहाणपण किती, हा प्रश्न मामांसारख्या माणसाने विचारावा हे बरंच आहे. या मुद्द्यावर या लेखाचंही झुकतं माप मामांकडे.

भाचीचा जीव मात्र दुसऱ्या टोकाला आहे. 2018 मध्ये आइंडहोवन आणि चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की धातूचं लोखंड अजिबात शिल्लक न ठेवता शुद्ध एप्सिलॉन कार्बाइड बनवलं तर कार्बन डायऑक्साइड खूपच कमी निघतो. आणि वायूच कार्बन डायऑक्साइड असेल, सोबत सौरविजेने काढलेला हायड्रोजन असेल, तर मॅग्नेटाइट उलटी शिफ्ट करून त्याचं कार्बन मोनॉक्साइड करतं आणि शेजारचं कार्बाइड त्याची साखळी. ऑक्सफर्डच्या गटाने 2020 मध्ये लोखंड, मॅंगनीज आणि पोटॅशियम यांच्या मिश्रणावर असं विमानाचं इंधन काढून दाखवलं. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी 2027 ला 1 टक्का आणि 2028 ला 2 टक्के शाश्वत विमान इंधन मिसळायचं लक्ष्य जाहीर केलंय. "तिथं दोन्ही लागतात, मामा, काळी पण आणि कार्बाइड पण. ही ओढाताण मोडायची नाही, तोलायची. एकट्या मॅग्नेटाइटचं काय करू?"

"तोलणार कोण?"

"तापमान, पाणी, दाब. पॅनेलवरचा माणूस."

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी चुंबक उचललं आणि काळी गोळी त्याला पुन्हा चिकटवली. "ही कार्बाइड आहे का मॅग्नेटाइट, हे यावरून कळेल?"

"नाही. दोन्ही चिकटतात. पण पूर्वी एक युक्ती होती." अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समध्ये 1940 च्या दशकात हॉफर आणि त्यांचे सहकारी उत्प्रेरक तापवत तापवत त्याचं चुंबकत्व मोजत. हॅग कार्बाइडचं चुंबकत्व अडीचशे अंशांच्या आसपास जातं, मॅग्नेटाइटचं जवळपास 585 ला. कुठल्या पायरीवर किती ओढ गळली, त्यावरून कोण किती आहे ते काढायचं.

मामा उठले ते थेट स्वयंपाकघराकडे. भाकरी नुकत्याच झाल्या होत्या, तवा अजून चुलीवर होता. अडीचशे अंश म्हणजे काय, तापलेला तवाच की.

"मामा, नको!" भाची मागे धावली. "क्रोमियम आहे त्यात, तापवलं तर विषारी होऊ शकतं. आणि तिच्यात कार्बाइड आता उरलं नसणार. इतकी वर्षं हवेत आहे, केव्हाच गंजलं असेल."

"म्हणजे पुरावा गेला म्हण."

मामींनी दोघांकडे पाहिलं, चिमट्याने तवा उतरवून घमेल्यावर पालथा घातला आणि हात पुढे केला. मामांनी गोळी त्यांच्या हातावर ठेवली. ती त्यांनी कापसात परत घातली, तांबडीशेजारी, आणि साबणाने हात धुऊन घ्यायला दोघांनाही मोरीकडे पिटाळलं.